खोगीर घेताना आतला सांगाडा कसा तपासायचा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जाणारे बरेच जण येताना खोगीर पण घेऊन येतात, आणि घेताना बघतात काय तर कातडं, शिलाई, पितळी फुल्या. भाऊ, ते सगळं नंतर. खोगिराच्या आत जो सांगाडा असतो ना, ज्याला विकणारे ट्री म्हणतात, तोच घोड्याच्या पाठीवर वजन वाटतो. तो वाकडा किंवा मोडलेला असेल तर वरून कितीही भारी दिसू द्या, घोड्याची पाठ जाणारच.

सांगाडा लाकडाचा असतो, फायबरचा किंवा प्लास्टिकचा पण येतो. पुढे कमान, मागे उंच पाठ, मधे लांब पट्ट्या, आणि रिकिबी (स्वाराने पाय ठेवायच्या) अडकवायला लोखंडी कडी. काहींत स्प्रिंगसारख्या पोलादी पट्ट्या असतात, ते थोडे लवचिक लागतात.

जुनं खोगीर असेल तर आधी मागची बाजू पोटाला टेकवा आणि पुढची कमान दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा. स्प्रिंगवालं थोडं लवेल आणि सोडलं की लगेच जागेवर येईल, ते चालतं. पण बैठकीवर मधेच आडवी घडी पडली, किंवा एकच बाजू जास्त लवली, किंवा आतून करकर आली तर समजा आत मोडलंय. मग कमानीची खालची दोन टोकं धरून बाहेर ताणा, आत दाबा. इथे जरा पण हालचाल नको, टक् असा आवाज आला तर ठेवून द्या खाली. शेवटी उलटं करून मागून एका डोळ्याने बघा, मधली खाच सरळ दिसली पाहिजे. लग्नाच्या घोड्याचं असेल तर वरची जरीची झूल काढायलाच लावा, त्याखाली काय काय झाकलेलं असतं.

आता माप. घरच्या वायरिंगची जाड तांब्याची वायर घ्या, घोड्याच्या खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सोडून पाठीवर आडवी दाबून वाकवा, तो आकार पुठ्ठ्यावर काढून कापा. हा पुठ्ठा यात्रेत सोबत न्या आणि कमानीत लावून बघा. घरी आल्यावर नमदा (खोगिराखालची गादी) न घालता खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवत आणा, जिथे आपोआप थांबेल ती त्याची जागा. माणूस बसल्यावर पण कमान आणि पाठीचा उंचवटा यात २-३ बोटं जागा राहिली पाहिजे, आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको, कारण त्यामागे वजन पेलायला बरगड्या नाहीत.

कमान अरुंद असेल तर लोक खाली अजून एक गादी टाकतात. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं ते, चिमटा अजून वाढतो. रपेटीनंतर घामाने ओल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय असा संशय घ्या, आणि पाठीवर पांढरे केस उगवलेले असतील तर तिथे आधीच इजा होऊन गेली असण्याची शक्यता जास्त.

मोडलेला सांगाडा पट्टी ठोकून, चिकटवून वापरू नका, प्लीज. आणि घोडा अंगाने भरला किंवा उतरला की पाठीचा आकार बदलतो, तेव्हा वायर परत लावा आणि नवीन पुठ्ठा कापा.