ड्रोनचा डॉक गच्चीवर बसवलाय? मुंबईत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

ड्रोन पॅडवर नीट उतरला, झाकण बंद झालं, स्क्रीनवर ‘चार्जिंग’ आलं आणि तासाभराने बघावं तर टक्का जिथल्या तिथे. लगेच निदान होतं, ‘बॅटरी खराब निघाली’. नवी बॅटरी मागवली जाते, ती काही दिवस नीट चालते, मग पुन्हा तेच रडगाणं. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत गोदामांवर, बांधकामाच्या साइटवर, कारखान्यांच्या गच्चीवर आता असे स्वयंचलित डॉक, म्हणजे ड्रोनने आपोआप उतरून चार्ज व्हायच्या पेट्या, दिसायला लागलेत. त्यांची दुरुस्ती करताना एक गोष्ट वारंवार दिसते. घोळ बहुतेक वेळा बॅटरी आणि पेटी जिथे एकमेकींना टेकतात त्या दोन बोटं जागेत असतो आणि त्याला कारण इथली हवा असते. म्हणून बॅटरीवर पैसे घालण्याआधी पुढचं तपासून बघा.

आधी डॉक कुठला घेतलाय ते बघू

डॉक दोन जातींचे. एकात ड्रोन पॅडवर उतरतो, सरकत्या दांड्या त्याला मध्यभागी ढकलतात, कॉन्टॅक्ट (डॉकच्या पिना आणि ड्रोनच्या पट्ट्या, ज्यांतून वीज जाते) जुळतात आणि ड्रोन जागच्या जागी चार्ज होतो. याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. दुसऱ्यात यांत्रिक हात रिकामी बॅटरी काढून भरलेली घालतो आणि ड्रोन काही मिनिटांत पुन्हा उडायला मोकळा. इस्रायलच्या एअरोबॉटिक्सची ‘ऑप्टिमस’ पेटी या दुसऱ्या जातीतली.

व्हिडिओत बॅटरी बदलणारा हात फार देखणा दिसतो, आणि तिथेच पहिली चूक होते. रात्रीच्या दोन-तीन गस्ती एवढंच काम असेल तर त्या हाताची काहीही गरज नाही. जितके हलणारे भाग जास्त, तितक्या पावसाळ्यात गंजायच्या जागा जास्त. ड्रोन सतत हवेत ठेवायचा असेल तरच अदलाबदलीचा डॉक घ्या, आणि घेतलात तर देखभालीचा करार आधी वाचा, ब्रोशर नंतर.

कॉन्टॅक्ट: नव्वद टक्के वैताग इथे

नव्वद हा आकडा रागातून आलाय, मोजून नाही. पण कुलाबा, वरळी, वर्सोव्याकडे एसीच्या आउटडोअर युनिटची काय अवस्था होते ते ज्याने पाहिलंय त्याला खाऱ्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. डॉकच्या पिनांवर सहसा निकेल आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. ड्रोन बसताना दरवेळी पिन किंचित घासते. मुलामा झिजला की खालचा धातू उघडा पडतो. त्यावर मिठाचे कण बसतात, आणि मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे डॉकवर पावसाचा एक थेंब पडला नाही तरी पिन ओलीच. मग हिरवट-काळपट थर धरतो.

डोळ्याला तो थर क्षुल्लक वाटतो. हिशेब करून बघा. १० अँपिअरने चार्जिंग चालू आहे आणि जोडाचा रोध ५ मिलिओहम आहे, तर तिथे अर्धा वॉट उष्णता तयार होते. तोच रोध ५० मिलिओहम झाला की ५ वॉट, तेही एवढ्याशा पिनेवर. शिवाय तिथे अर्धा व्होल्ट गळतो. सहा सेलचा पॅक (सेल जोडून केलेली बॅटरी) २५.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो. चार्जर आपल्या टोकाला २५.२ मोजतो आणि करंट आटोपता घ्यायला लागतो, पण पॅकपर्यंत तेवढे व्होल्ट पोचलेलेच नसतात. ज्या डॉकमध्ये चार्जर पॅकचा व्होल्टेज थेट पॅककडूनच वाचत नाही, तिथे सत्तर-ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग रांगायला लागतं ते यामुळे.

तपासायचं कसं? प्रोपेलर काढून ठेवा, हातातली अंगठी-कडंही काढा. डॉक मेंटेनन्स मोडवर टाकून झाकण उघडं ठेवा आणि चार्जिंग सुरू करा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. एक टोक डॉकच्या पिनेच्या मुळाशी, दुसरं तिला टेकलेल्या ड्रोनच्या पट्टीवर. प्लस आणि मायनस दोन्हीकडे वेगवेगळं मोजा, कारण बऱ्याचदा एकच बाजू सडलेली असते. ५०-६० मिलिव्होल्ट दिसले तर काळजी नाही. काही शे दिसले तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे.

साफ करतानाही लोक जोरात चुकतात. पॉलिश पेपर घासला की पिन त्या दिवशी लखलखते, पण उरलासुरला मुलामाही जातो आणि पुढच्या वेळी गंज दुप्पट वेगाने धरतो. डब्ल्यूडी-फॉर्टी हा गंज सोडवायचा स्प्रे मारणारेही भेटतात. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि मुंबईची धूळ त्यावर आनंदाने बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड, बस. त्याने भागत नसेल तर पिन बदला. स्प्रिंगच्या पिना झिजण्यासाठीच असतात, त्यांचा जादा सेट डॉकबरोबरच विकत घ्या. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असली तरी सुटे भाग मागवता येतात. मात्र जूनमध्ये मागवलेली पिन जूनमध्येच हातात पडेल, या भरवशावर राहू नका.

एसी कमी करा म्हणजे वाढवा

मॅन्युअलमधलं हीटरचं प्रकरण मुंबईकराने खुशाल सोडून द्यावं. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये हे खरं, पण आपला प्रश्न दुसऱ्या टोकाचा. बहुतेक पॅक ४० ते ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत. मे महिन्यात सावलीतली हवा ३३-३४ अंश असली तरी उन्हात तापलेल्या स्लॅबवरच्या बंद पेटीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. त्यातच नुकती उतरलेली बॅटरी स्वतःच गरम असते. आतलं सर्किट चार्जिंग रोखून धरतं आणि स्क्रीनवर नुसतं ‘प्रतीक्षा’ दिसत राहतं. हा बिघाड नाही. सर्किट आपलं काम चोख करतंय.

यावर सगळे एकच उपाय करतात, डॉकचा कूलर अगदी खाली नेतात, २० अंशांवर. उन्हाळ्यात खपतं. जुलैत मात्र हाच उपाय अंगाशी येतो. तेव्हा इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कुठलीही गोष्ट बाहेरच्या हवेत आली की तिच्यावर पाणी जमणार. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवल्यावर तिला घाम फुटतो, अगदी तसं. झाकण उघडतं, दमट हवा आत घुसते, २० अंशांच्या पिना, पॅड, कॅमेऱ्याची काच सगळं ओलं. ड्रोन उडाला की कॅमेऱ्यात धुकं आणि परत उतरला की ओल्या पिनांवर चार्जिंग. पावसाळ्यात आतलं तापमान २७-२८ वर ठेवा. बॅटरीला तेवढ्याने काही होत नाही.

उन्हाचा बंदोबस्त मात्र बाहेरून करा. डोक्यावर पत्र्याची शेड घालता येत नाही, ड्रोनला वर जायचंय. पण पेटी स्टँडवर उचलून खालून हवा खेळती ठेवता येते, खालच्या स्लॅबला पांढरा परावर्तक रंग देता येतो, पश्चिमेच्या बाजूला थोडं अंतर सोडून आडोसा करता येतो. आणि कृपा करून डॉक एसीच्या आउटडोअर युनिटांच्या रांगेसमोर बसवू नका. जागा रिकामी दिसते म्हणून हे सर्रास होतं.

भरून ठेवलेली बॅटरी

अदलाबदलीच्या डॉकमध्ये सगळ्या बॅटऱ्या शंभर टक्के भरून तयार बसलेल्या बघायला मालकांना आवडतं. बॅटरीला आवडत नाही. सेल ४.२ व्होल्टवर, तोही उकाड्यात, दिवसचे दिवस राहिला की आत वायू धरायला लागतो आणि पॅक फुगतो. उड्डाण नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टच्या आसपास ठेवा आणि वेळापत्रकातल्या उड्डाणाच्या तासभर आधी पूर्ण भरा. बऱ्याच डॉकमध्ये ही सोय असते, फक्त चालू केलेली नसते. पावसाने सलग उड्डाणं रद्द होतात त्या आठवड्यात ती चालू आहे ना, हे खास बघा.

फुगलेला पॅक या डॉकमध्ये आणखी एक उपद्व्याप करतो. तो बॅटरी ठेवायच्या खणात अडकतो. यांत्रिक हात ओढतो, सुटत नाही, पुन्हा ओढतो, आणि ‘स्लॉट एरर’ देऊन थांबतो. माणसं हाताची मोटर खोलून बसतात. त्याआधी तो पॅक हाताने काढून सपाट फरशीवर ठेवून बघा. डुगडुगला तर मोटर निर्दोष. अडकत असेल तर उपसू नका, सप्लाय बंद करून खण सैल करा.

काही सॉफ्टवेअर दरवेळी पहिल्या खणातलीच बॅटरी उचलतात. महिन्यातून एकदा प्रत्येक बॅटरीचे सायकल (भरण्या-रिकामं होण्याचे फेरे) बघा. एकीचे भलते जास्त आणि शेवटच्या खणातलीचे जवळपास शून्य असतील, तर पाळी लावून द्या.

टक्का अचानक कोसळतो

ड्रोन ३० टक्क्यांवर परत निघाला आणि मध्येच १२ दिसले, अशी तक्रार असेल तर सेलकडे बोट दाखवण्याआधी वेळापत्रक बघा. डॉक बॅटरीला आयुष्यभर चाळीस ते नव्वदच्या मधेच फिरवत असेल तर आतल्या मोजणीला पूर्ण भरलेलं आणि रिकामं ही दोन्ही टोकं कधी दिसतच नाहीत, आणि तिचा अंदाज हळूहळू भरकटतो. निर्मात्याने सांगितलेलं कॅलिब्रेशनचं पूर्ण सायकल अधूनमधून करा. त्यानंतरही टक्का कोसळत असेल तर एखादा सेल खरंच गेलाय. सेलनिहाय व्होल्टेजमध्ये तो लगेच वेगळा दिसतो.

पॅडवर नीट बसत नाही

आरटीके (जीपीएसची जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक करणारी सोय) चालू असेल तर ड्रोन एक-दोन सेंटिमीटरच्या हिशेबात उतरतो. पण आरटीकेचा अँटेना पाण्याच्या टाकीला चिकटून लावला, किंवा समोर काचेचा टॉवर उभा असला, की सिग्नल आपटून आपटून येतो. लोअर परळ, बीकेसीच्या बाजूला हे हमखास. अँटेनाला चारी बाजूंनी मोकळं आकाश द्या. कंपासची एरर येत असेल तर लिफ्टची मशीनरूम आणि मोबाइल टॉवर किती जवळ आहेत ते बघा.

आणि कबुतरं. पॅडवरच्या खुणेच्या चौकटीवर एक शिंतोडा पडला की कॅमेरा तिला ओळखत नाही आणि ड्रोन वरच घुटमळतो. झाकण बंद असताना पॅड सुरक्षित असतो, पण ड्रोन बाहेर असतो तेवढा वेळ झाकण उघडं ठेवायची सेटिंग असेल तर मिनिटभरही पुरतं. ती सेटिंग बदला. पाणी निचऱ्याच्या भोकात अडकलेली पिसंही काढत चला, नाहीतर पेटीच्या तळाशी तळं साचतं.

वीज, झाकण आणि रविवार

१२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. असं रोज होत नाही, पण आपल्या इमारतीचा एमसीबी पडायला तेवढं मोठं कारण लागत नाही. ड्रोन हवेत असताना डॉकची वीज गेली तर झाकण कोण उघडणार? डॉकचा आपला यूपीएस किमान एकदा झाकण उघडून बंद करण्याइतका टिकतो का, हे मेन स्विच पाडून तपासा, स्पेसिफिकेशन वाचून नाही. दुसरी उतरण्याची जागाही ठरवून ठेवा, आणि परतीचा टक्का ठरवताना तिथवर जाण्याची ऊर्जा धरा, तीही समोरून वारा आहे असं मानून.

एका गोदामाचा डॉक दर रविवारी बंद पडायचा. सॉफ्टवेअर बदललं, राउटर बदलला. शेवटी कळलं की रविवारी टाक्या धुणारी माणसं प्रेशर पंपासाठी तोच प्लग काढत होती. डॉकला स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्टर आणि पक्कं अर्थिंग द्या. एक्स्टेन्शन बोर्डवर डॉक चालवायचा नाही. रात्री गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हेही लिहून ठेवा.

आयपी५५ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. त्याचा अर्थ धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, तेही झाकण बंद असताना. खारेपणाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा झाकण त्या बाजूला तोंड करून उघडणार नाही असं डॉकचं तोंड फिरवा. नाहीतर झाकणाचं शीड होतं आणि बिजागऱ्या सुटतात.

उरलेलं थोडक्यात

डॉक विकत घेतला म्हणजे उडवायची परवानगी मिळाली असं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर लाल आणि पिवळी, म्हणजे परवानगीशिवाय उडवता न येणारी, क्षेत्रं आखलेली आहेत. मुंबईत विमानतळ, नौदल आणि ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांमुळे मोकळी जागा फार थोडी. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर पनवेल-उलव्याकडच्यांनीही जुना नकाशा गृहीत धरू नये. नजरेआड उडवायला वेगळी परवानगी लागते, आणि पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघत असतात. जागा पक्की करण्याआधी हे बघा, स्लॅबवर बोल्ट ठोकल्यावर नाही.

डॉक जिन्याच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या टाकीला खेटून किंवा लिफ्टच्या मशीनरूमजवळ ठेवू नका. लिथियम पॅक पेटला तर सीओटूच्या सिलिंडरने ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता तशीच राहते आणि पॅक पुन्हा पेट घेतो. तो थंड करायला भरपूर पाणी लागतं. ते दुरून मारता येईल असा नळ-पाइप जवळ हवा, आणि वीज तोडायचा स्विच डॉकपासून लांब, जिन्याच्या बाजूला.

फुगलेला पॅक टोचायचा नाही, दाबायचा नाही, पुन्हा चार्जिंगला तर लावायचाच नाही. तो पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा, डबा खोलीत नको, उघड्यावर पण पावसापासून आडोशाला असू द्या. भंगारवाल्याकडे द्यायचा मोह आवरा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा. बहुतेक विक्रेते जुना पॅक परत घेतात, खरेदीच्या वेळीच ते बिलावर लिहून घ्या.