जुन्या डॉज रॅमची पुढची चाकं ओढत नाहीत? आधी व्हॅक्यूम तपासा

लिव्हर फोर-हायवर (चारही चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत) टाकला, खालून खट् असा आवाजही आला, तरी बर्फात मागचीच चाकं गरगरतायत आणि पुढची ढिम्म. अमेरिकेत डेन्व्हरच्या आसपास जुना पिकअप ट्रक घेतलेले मराठी मित्र दर हिवाळ्यात मला याच तक्रारीसाठी फोन करतात. बहुतेकांना गॅरेजवाल्याने तोवर सांगून टाकलेलं असतं, "ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही वळवणारी पेटी) गेली, दुसरी टाका." तपासल्याशिवाय हा सल्ला कुणीही मानू नये. मी मानला होता आणि चांगली ट्रान्स्फर केस काढून दुसरी बसवली होती. दोष तसाच राहिला.

१९९४ ते २००१ च्या रॅम १५०० मध्ये पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी) ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या, बाजूला असतं आणि उजव्या चाकाकडे जाणारा लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. ते तुकडे एका सरकत्या कॉलरने जोडले जातात. कॉलर सरकवतो एक फोर्क, आणि फोर्कला हलवते अॅक्सलवर (चाकांच्या आसावर) बसवलेली व्हॅक्यूम मोटर, म्हणजे आत पडदा असलेला, इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर (व्हॅक्यूमवर) चालणारा एक लहानसा डबा. कॉलर बसली नाही, तर डिफरन्शियलकडे आलेली सगळी गती उजवीकडच्या मोकळ्या तुकड्यात वाया जाते. डावा शाफ्ट अखंड असूनही डावं चाकसुद्धा ओढत नाही. इथेच लोक फसतात. दोन्ही चाकं ओढत नाहीत म्हणजे दोष ट्रान्स्फर केसमध्येच, असं त्यांना वाटतं.

आधी दोष ट्रान्स्फर केसकडे आहे की अॅक्सलकडे ते ठरवा. मोकळ्या, खडीच्या जागेवर ट्रक हळू आणि सरळ चालवत फोर-हायमध्ये टाका, थोडं पुढे जाऊन थांबा. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन बंद. मागच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावून पुढचा भाग स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रकखाली डोकं घालू नका.

पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर दोष खरोखर ट्रान्स्फर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हरच्या जोडणीत आहे. घट्ट असेल तर ट्रान्स्फर केसला हात लावू नका. आता उजवं चाक फिरवा. डावं चाक उलट्या दिशेने फिरलं तर कॉलर बसलेली आहे. उजवं एकटंच फिरलं तर बसलेली नाही, आणि पुढचं सगळं काम व्हॅक्यूमचं आहे.

व्हॅक्यूमने माझे दोन शनिवार-रविवार खाल्ले, म्हणून इथे सावकाश जा.

व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून) निघतो, एकाच दिशेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधून ट्रान्स्फर केसवरच्या स्विचकडे येतो आणि तिथून दोन नळ्यांनी अॅक्सलवरच्या मोटरपर्यंत जातो. एक नळी कॉलर जोडते, दुसरी सोडवते. पेट्रोल इंजिन धडधाकट असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असलं की, व्हॅक्यूमचा गेज १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो. पण हा आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो आणि डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. मला इथे १५ दिसले आणि मी इंजिनच दुबळं समजून मॅनिफोल्डच्या गॅस्केटमागे लागलो. इंजिन ठणठणीत होतं. आपल्या गावाची उंची धरूनच गेज वाचा.

आता नुसतं बघून नळी पास करू नका. गेज असलेला हातपंप घ्या, तो फार महाग नाही. अॅक्सलवरचा जोड काढा आणि मोटरच्या एका तोंडाला १५ इंच ओढ द्या, त्याच वेळी उजवं चाक हाताने थोडं फिरवा, म्हणजे दाते जुळून कॉलर सरकेल. ओढ निदान ३० सेकंद टिकली पाहिजे. मग दुसऱ्या तोंडाला तेच. काटा घसरला तर पडदा फाटलाय, मोटर बदला. काटा टिकला आणि कॉलर सरकली, तर मोटर निर्दोष. मग नळ्यांचा एकेक तुकडा वेगळा करून तसाच तपासा.

माझ्या ट्रकची चीर रबरी जोडाच्या टोपीखाली होती. नळी सरळ असताना दिसायची नाही. नळी बोटाने वाकवली की केसाएवढी फट उघडायची आणि आत काळी धूळ दिसायची. एक्झॉस्टजवळून जाणारा भाग आणि बॅटरीभोवतालचा भाग असाच वाकवून बघा. नळीत लालसर तेल आलं तर ट्रान्स्फर केसवरचा स्विच आतून गळतोय. ते तेल केसमधलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आहे. स्विच बदला, नळ्याही बदला, नाहीतर तेच तेल मोटरच्या पडद्यापर्यंत जाईल.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की हीटरची हवा समोरच्या झरोक्यांतून बंद होऊन आपोआप काचेकडे वळते का? ते झरोकेही याच व्हॅक्यूमवर चालतात. असं होत असेल तर गळती आहे हे जवळजवळ नक्की. मी नव्या नळ्या शोधण्याआधी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतो.

मोटर आणि नळ्या दोन्ही बऱ्या असतील, तरच अॅक्सलवरचं झाकण उघडून फोर्क बघा. खाली भांडं ठेवा, तेल सांडेल. फोर्कच्या टोकांवरचे प्लॅस्टिकचे तुकडे झिजले असतील तर बदला.

व्हॅक्यूमऐवजी केबलने फोर्क ओढण्याचं किट मिळतं. ते चांगलं आहे, मी स्वतः बसवलंय. पण फोर्क झिजलेला असताना केबल लावून उपयोग नाही, म्हणून आधी वरची तपासणी पूर्ण करा.

वळताना कटकट येत असेल तर ती वेगळी गोष्ट, बहुतेक वेळा अॅक्सलचा क्रॉस (शाफ्ट वळू देणारा सांधा) झिजलेला असतो. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळताना ट्रक अडखळतो तो दोष नाही. या पद्धतीच्या गाडीला कोरड्या डांबरावर फोर-हाय वापरायचाच नसतो.

दुरुस्तीनंतर पुन्हा खडीवर जा, हळू चालवत लिव्हर टाका. काही मीटरच्या आत डॅशबोर्डवरचा दिवा लागला पाहिजे. दिवा लागला तरी एकदा स्टँडवर घेऊन उजवं चाक फिरवा आणि डावं उलटं फिरतंय हे डोळ्यांनी बघा.