व्हीसेंटर बंद, व्हीएम मात्र चालू: डेटाबेसच्या या चुका टाळा

सकाळी व्हीसेंटरचं, म्हणजे व्हीएमवेअरच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीन एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पान उघडायला जावं तर समोर 503 ची एरर. सर्व्हिस रीस्टार्ट केली की दोन मिनिटं चालते आणि पुन्हा पडते. तिकडे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) मात्र सगळ्या सुरळीत, त्यामुळे एकाही वापरकर्त्याची तक्रार नाही. इथेच घात होतो. होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यांवर चालतात ते सर्व्हर, आपापल्या व्हीएम चालवत राहतात, एखादा होस्ट पडला तरी एचए (त्याच्यावरच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर चालू करणारी सोय) आपलं काम करते, कारण तिचा एजंट होस्टवरच असतो. पण डीआरएस (होस्टांमध्ये भार वाटून देणारी यंत्रणा) थांबलेलं असतं, व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) होत नाही, आणि व्हीसेंटरमार्फत चालणारा रात्रीचा बॅकअपही झालेला नसतो. हे शेवटचं लक्षात यायला कधी कधी आठवडा जातो.

अशा वेळी सर्व्हिस पाच वेळा रीस्टार्ट करण्याआधी, व्हीसेंटर आपली माहिती ज्यात ठेवतं त्या डेटाबेसच्या डिस्कवर जागा किती उरली आहे ते बघा. माझा अनुभव असा की हा डेटाबेस क्वचितच बिघडतो, बहुतेक वेळा तो भरतो. आणि तो भरण्याची तजवीज आपणच इन्स्टॉलेशनच्या दिवशी करून ठेवलेली असते.

ट्रान्झॅक्शन लॉग वाढू देणं

विंडोजवरचं व्हीसेंटर 6.7 पर्यंतच आलं, 2020 च्या 7.0 पासून फक्त अप्लायन्स, म्हणजे सगळं आतच बसवलेली तयार व्हीएम. तरी एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला जोडलेली जुनी इन्स्टॉलेशन्स अजून भेटतात, आणि दुसऱ्या मॅनेजमेंट सिस्टिमही एसक्यूएल सर्व्हर वापरतात. ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, आणि ती किती काळ ठेवायची हे रिकव्हरी मॉडेल ठरवतं. तिथली नेहमीची चूक म्हणजे हे मॉडेल फुल ठेवायचं आणि लॉग बॅकअप लावायचाच नाही. एका ठिकाणी मला छातीठोकपणे सांगितलं गेलं होतं, "रोज रात्री फुल बॅकअप होतो की!" होत होता, खरंच. पण फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही, त्यासाठी लॉगचाच बॅकअप घ्यावा लागतो. लॉगची फाइल ड्राइव्ह भरेपर्यंत फुगली आणि व्हीसेंटरची सर्व्हिस बसली.

लॉग का रिकामा होत नाही याचं उत्तर एसक्यूएल सर्व्हर स्वतःच देतो. सिस्टिम कॅटलॉगमधल्या डेटाबेसांच्या यादीत 'लॉग रीयूज वेट' नावाचा कॉलम आहे. तिथे 'लॉग बॅकअप' दिसलं तर कारण सापडलं. नुसती फाइल श्रिंक करू नका, ती पुन्हा तेवढीच होते. एक तर लॉग बॅकअप ठरावीक वेळाने लावा, नाहीतर मॉडेल सिंपल करा, मग लॉग आपोआप रिकामा होत राहतो. माझा कल सिंपलकडे आहे. नेमक्या मिनिटापर्यंत रिस्टोअर करण्याची सोय इथे फारशी कामाची नाही, कारण तोवर होस्टवरची खरी परिस्थिती पुढे गेलेली असते.

स्टॅटिस्टिक्स लेव्हल चढवून विसरणं

व्हीसेंटर कामगिरीचे आकडे चार टप्प्यांत ठेवतं: 5 मिनिटांचे नमुने एक दिवस, 30 मिनिटांचे एक आठवडा, 2 तासांचे एक महिना आणि एका दिवसाचे एक वर्ष. प्रत्येक टप्प्याला 1 ते 4 अशी लेव्हल असते, मुळात ती 1 असते. एखादी व्हीएम हळू चालते म्हणून कुणीतरी ती 3 किंवा 4 करतो, कारण सापडतं, आणि लेव्हल तशीच राहते. लेव्हल 4 म्हणजे प्रत्येक डिस्क, प्रत्येक नेटवर्क कार्ड, प्रत्येक कोअर यांचे मिळतील तेवढे सगळे आकडे.

गंमत म्हणजे त्या तपासासाठी लेव्हल चढवायची गरजच नसते. होस्ट स्वतः दर 20 सेकंदांचे आकडे तासभर जवळ बाळगतो. रिअल टाइम चार्ट लावा किंवा होस्टवर ईएसएक्सटॉप ही आकडे दाखवणारी कमांड चालवा. लेव्हल चढवावीच लागली तर कॅलेंडरमध्ये ती उतरवायची तारीख त्याच क्षणी टाका.

रोलअपचे जॉब मागेच राहणं

ही चूक ओळखायला अवघड. दिवसाचा चार्ट व्यवस्थित दिसतो, आठवड्याचा आणि महिन्याचा मात्र रिकामा, आणि डेटाबेस रोज थोडा थोडा फुगतो. लहान नमुन्यांचे मोठे नमुने करण्याचं काम, म्हणजे रोलअप, एसक्यूएल सर्व्हर एजंटचे (ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसचे) जॉब करतात. ते नसले किंवा एजंटच बंद असला की कच्चा माल साठत राहतो.

जॉब नसण्याची दोन कारणं मी वारंवार पाहिली आहेत. पहिलं, इन्स्टॉलेशनच्या वेळी व्हीसेंटरच्या अकाउंटला एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसवर डीबी ओनरचा हक्क दिलेलाच नव्हता. हा हक्क इन्स्टॉल आणि अपग्रेडपुरता लागतो, नंतर काढून घेता येतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो नव्या एसक्यूएल सर्व्हरवर रिस्टोअर केला, व्हीसेंटर जोडलं, सगळं चालू झालं, मंडळी घरी गेली. जॉब मात्र व्हीसेंटरच्या डेटाबेसमध्ये नसतातच, ते एमएसडीबीत असतात, म्हणून ते जुन्या सर्व्हरवरच राहिले. सर्व्हर बदलल्यावर एजंटमधली जॉबची यादी उघडून बघाच.

डीएसएनचा घोळ

डीएसएन म्हणजे कोणत्या डेटाबेसला कसं जोडायचं याची विंडोजमधली नोंद, ती ओडीबीसी टूलमध्ये करतात. विंडोजवरचं व्हीसेंटर 4.1 पासून 64 बिटचा डीएसएन मागतं, तर विंडोजवरच्या अपडेट मॅनेजरला (होस्टांना अपडेट लावणाऱ्या जोडसॉफ्टवेअरला) 6.0 पर्यंत 32 बिटचाच लागायचा. त्यात विंडोजची करामत अशी की 64 बिटचं ओडीबीसी टूल 'सिस्टिम32' फोल्डरमध्ये आणि 32 बिटचं नावात 64 असलेल्या फोल्डरमध्ये! डीएसएन यूजर नाही, सिस्टिम प्रकारचा करा. आणि त्यात डिफॉल्ट डेटाबेस बदलायला विसरू नका, नाहीतर व्हीसेंटरची सगळी टेबलं 'मास्टर' या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये तयार होतात आणि ती निस्तरणं कटकटीचं होतं.

अप्लायन्समध्ये हाताने फाइली उडवणं

आता डेटाबेस अप्लायन्सच्या पोटातच असतो, पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) नावाचा. म्हणून लोक निर्धास्त होतात, पण भरण्याचा रोग तोच आहे. डेटाबेसचं पार्टिशन 80 टक्क्यांवर गेलं की इशारा येतो, 95 वर व्हीसेंटरची मुख्य सर्व्हिस स्वतःहून थांबते.

तेव्हा घाबरून कुणी तरी पोस्टग्रेच्या फोल्डरमध्ये शिरतं आणि 'लॉगच तर आहेत' म्हणून फाइली डिलीट करतं. ते साधे लॉग नसतात, डेटाबेसला पुन्हा उभं राहण्यासाठी त्याच नोंदी लागतात. पोस्टग्रेच्या 10 व्या आवृत्तीत 2017 साली त्या फोल्डरचं नाव 'एक्सलॉग'वरून 'वॉल' करण्यात आलं, त्यामागे हाच गैरसमज होता.

नीट मार्ग असा: कोणतं पार्टिशन भरलं आहे ते आधी ठरवा. डेटाबेसचं वेगळं असतं, इव्हेंट, टास्क आणि आकड्यांचं वेगळं, लॉगचं आणखी वेगळं. मग अप्लायन्सच्या व्हीएमची नेमकी तीच डिस्क वाढवा आणि आतून पार्टिशन वाढवून घ्या. व्हीएमवर स्नॅपशॉट असेल तर डिस्क वाढत नाही, तो आधी काढावा लागतो. जुन्या नोंदी डिलीट केल्या तरी डिस्कवर जागा लगेच मोकळी दिसत नाही. ती परत मिळवायला व्हॅक्यूम फुल चालवावं लागतं, आणि त्याला टेबलाची नवी प्रत करायला आणखी जागा लागते. म्हणून डिस्क वाढवणं आधी, साफसफाई नंतर.

जागा वाढवूनही महिन्याभरात पुन्हा भरली तर इव्हेंटचं टेबल तपासा. नोंदी 30 दिवसच ठेवायच्या असं सेटिंग असलं तरी एखादी मॉनिटरिंग स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी लॉगिन करत असेल तर तेवढ्या दिवसांतही ढीग होतो. कोणत्या प्रकारचा इव्हेंट सर्वात जास्त आहे ते मोजलं की चोर सापडतो.

व्हीसेंटरसारख्या दुसऱ्या सिस्टिमचंही थोडं असंच. ओव्हर्ट या ओपन सोर्स सिस्टिममध्ये डेटाबेस वेगळ्या मशीनवर ठेवत असाल तर पोस्टग्रेची कमाल कनेक्शन संख्या मूळ 100 वरून किमान 150 करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टम सेंटर व्हीएमएमला एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती चालत नाही, हे इन्स्टॉलर उघडण्याआधीच माहीत असलेलं बरं.

डेटाबेस सर्व्हर त्याच क्लस्टरमध्ये, पण कुठे?

वेगळा डेटाबेस सर्व्हर व्हीएम म्हणून त्याच क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या होस्टांच्या गटात) ठेवायला हरकत नाही. पण वीज जाऊन सगळं बंद पडल्यावर तो आधी चालू करावा लागतो, आणि तो कोणत्या होस्टवर होता हे सांगणारं व्हीसेंटर त्याच्याशिवाय उठत नाही. मग एकेका होस्टवर थेट लॉगिन करून शोधत बसावं लागतं. डीआरएसचा नियम लावून त्याला दोन ठरावीक होस्टांशी बांधा आणि त्या दोन होस्टांचे आयपी पत्ते छापून रॅकच्या दारावर चिकटवा.