वॉक काढणारा बॅटर ओळखायचा कसा

क्रिकेट बघून आपले डोळे तयार झालेले असतात, त्यामुळे बेसबॉलमध्ये एखादा बॅटर झोनच्या (त्याच्यासमोरच्या ठरलेल्या चौकोनाच्या) बाहेरचे चार बॉल नुसते सोडतो आणि आरामात पहिल्या बेसवर चालत जातो, म्हणजेच वॉक काढतो, तेव्हा वाटतं की पिचरनेच माती खाल्ली, वाइड टाकल्यासारखं. थोडंफार खरंय, पण तोच माणूस वर्षाला १३०-१४० वेळा असा जात असेल तर ते पिचरचं दुर्दैव नाही, त्या बॅटरचं कसब आहे. असे बॅटर हुडकायचे कसे ते सांगतो.

पहिलं म्हणजे बॅटिंग ॲव्हरेजवर जाऊ नका, वॉक त्यात धरतच नाहीत. शेजारचा ऑन-बेस पर्सेंटेजचा आकडा बघा (बॅटर किती वेळा बेसवर पोचला तो, यात वॉकही धरतात) आणि दोन्हींची वजाबाकी करा. साधारण बॅटरचा फरक ७०-८० पॉइंट (म्हणजे .०७०-.०८०) असतो, १०० च्या वर गेला की समजायचं काहीतरी आहे इथे. एडी योस्ट नावाचा वॉशिंग्टनचा थर्ड बेसमन होता, मुख्यतः १९५० च्या दशकातला, करिअर ॲव्हरेज .२५४ म्हणजे कोणी ढुंकून बघणार नाही, पण ऑन-बेस .३९४! १,६१४ वॉक काढले, लोक त्याला ‘द वॉकिंग मॅन’च म्हणायचे.

आता फसगत होते ती इथे. सगळे वॉक सारखे नसतात, काही घाबरून मुद्दाम दिलेले असतात, त्याला इंटेन्शनल वॉक म्हणतात (२०१७ पासून त्यासाठी बॉलही टाकावे लागत नाहीत, डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, नुसती खूण केली की झालं). सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सचा २००४ चा आकडा बघा, २३२ वॉक, ऑन-बेस .६०९, डोकं गरगरतं, पण त्यातले १२० इंटेन्शनल. १९९८ च्या मे महिन्यात तर ॲरिझोनाने कमाल केली, नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, ८-६ ने पुढे, आणि बाँड्सला मुद्दाम वॉक देऊन स्वतःहून एक रन देऊन टाकला, ८-७. पुढचा बॅटर ब्रेंट मेन कॅच आउट झाला आणि ॲरिझोनाने मॅच जिंकलीसुद्धा. तेव्हा इंटेन्शनल वजा करून बघा. एकूण वॉकमध्ये बाँड्स २,५५८ सह पहिला, रिकी हेंडरसन २,१९० सह दुसरा, पण मुद्दाम दिलेले काढले की हेंडरसन २,१२९ आणि बाँड्स १,८७०. आणि हेंडरसनला फुकट बेस द्यायला कोण तयार होणार हो, १,४०६ बेस चोरलेला (पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळालेला) माणूस, पहिल्यावर पोचला की दुसऱ्यावर गेल्यातच जमा! माझ्या मते नंबर एक तोच. फक्त १९५५ च्या आधी हा हिशोब अधिकृतपणे वेगळा ठेवत नसत, त्यामुळे बेब रूथ वगैरे जुन्या दिग्गजांना ही चाळणी नीट लावता येत नाही.

मग वॉक आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट; झोनमधला सोडलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला बॉल म्हणजे स्ट्राइक) शेजारी ठेवा. टेड विल्यम्स १९४१, १४७ वॉक आणि फक्त २७ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .४०६. म्हणजे तो नुसता सोडत नव्हता, मारायचा तो बॉल मारतही होता. आजकाल सगळेच जास्त स्ट्राइकआउट होतात, त्यामुळे आत्ताच्या बॅटरला हा निकष थोडा सैल लावा.

आत्ताच्यांसाठी खरा आकडा म्हणजे चेस रेट, झोनच्या बाहेरच्या किती बॉलवर बॅट फिरवली ते. बेसबॉल सावंत किंवा फॅनग्राफ्सच्या साइटवर फुकट मिळतो. सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास, हुआन सोटो २० च्या खाली. २०२४ मध्ये यँकीजकडून खेळताना त्याच्या मागे बॅटिंगला ॲरन जज हा धडाकेबाज बॅटर होता, म्हणजे सोटोला बेसवर सोडून जजसमोर जायची कुणालाच हौस नव्हती, तरी पठ्ठ्याने १२९ वॉक काढले.

आकडे झाले, आता मॅचमध्ये काय बघायचं. झोन म्हणजे १७ इंच रुंद प्लेट आणि गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतची उंची, आणि ताशी ९५ मैलांचा बॉल ०.४ सेकंदात येतो, त्यात ठरवायचं. म्हणून बॅटरचे हात बघू नका, काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक झाले ते) बघा. दोन स्ट्राइक झाल्यावर तो प्लेटच्या कडेचे बॉल फाउल करत (रेषेबाहेर मारत) राहतो का? पिचरला सहा-सात-आठ बॉल टाकायला लावतो का? आणि ३-१ असताना, म्हणजे तीन बॉल एक स्ट्राइक, खाली बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर (शेवटी वळणाऱ्या बॉलवर) खांदा पुढे जाऊन पुन्हा मागे येतो का? तो अर्धवट थांबलेला खांदा दिसला की ओळखा. उलट मधोमध आलेला बॉलही सोडतोय तर ती नजर नाही, ती भीती, आणि अशा बॅटरला पिचर दोन दिवसांत ओळखतात.

हे सगळं टीव्हीवर जास्त चांगलं कळतं, कॅमेरा पिचरच्या मागून असतो आणि झोनचा चौकोनही दाखवतात. स्टेडियममध्ये बाजूच्या स्वस्त सीटवरून बॉल वर की खाली तेवढंच कळतं, आत-बाहेर काही कळत नाही, त्यामुळे तिथे काउंट आणि खांदा एवढंच धरा.