ट्रॉली कलंडली तर माल सोडा, पाय वाचवा

भिवंडीच्या कुठल्याही गोदामात जा, माल हलवायला हँडपॅलेट असतोच, म्हणजे दोन लोखंडी काट्यांवर माल उचलून दांड्याने ढकलायची-ओढायची ट्रॉली. दोन-अडीच टन पेलतो, मोटार नाही, बहुतेकांना ब्रेकही नाही. दिसायला साधा, म्हणून कुणी शिकवत नाही. नवा पोरगा पहिल्याच दिवशी दांडा हातात घेतो आणि पायाचा पंजा चिरडणं, दांडा-भिंतीत बोटं सापडणं, घोट्यावर काटे आदळणं सुरू होतं.

१. आधी वाट बघा. रिकाम्या हाताने एक फेरी मारा. या गाडीची चाकं लहान. उखडलेली लादी, गटाराची जाळी, खाली पडलेली पॅकिंगची पट्टी, कशातही चाक अडकतं. गाडी जागेवर थांबते, वरची थप्पी पुढे जातच राहते.

२. माल भरताना जड खाली, हलकं वर. दोन्ही काट्यांवर वजन सारखं. थप्पीपलीकडचं दिसलं पाहिजे. माल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर सुटेल एवढेच काटे उचलले की पुरे. ड्रम आणि सिलिंडर सुटे उभे करू नका, पट्ट्याने बांधा.

३. सपाटीवर ढकला. ओढताना गाडी आपल्याच टाचेवर येते. उतारावर मात्र नियम एकच: माणूस वर, माल खाली. चढताना वरून ओढायचं, उतरताना वरून धरून हळूहळू सोडायचं. ‘एक जण खालून रेट दे’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. गाडी घसरली की आधी तोच सापडतो. उतार तीव्र असेल तर हँडपॅलेट नेऊच नका.

४. कलंडायला लागली तर सोडून द्या. ‘सोड रे!’ असं ओरडा आणि बाजूला व्हा. हे बोलायला सोपं आहे. हात आपोआप पुढे जातो, कारण फुटलेल्या मालाचे पैसे पगारातून कापले जातील ही धास्ती असते. ते कापले जाणार नाहीत, हे मुकादमाने आधीच सर्वांसमोर सांगावं. जिथे कापतात, तिथे सुरक्षेच्या पाट्या लावून काही होत नाही.

बूट घ्यायचे तर आयएस १५२९८ या भारतीय मानकाचे, 200 जूल (किती जोराचा मार पेलतील ते) लिहिलेले. म्हणजे साधारण 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचावीत. पंजाचा वरचा भाग आणि घोटा मात्र त्यात येत नाही.

५. कुणी सापडलंच तर पाय ओढून काढू नका. दुसऱ्या जॅकने वजन उचला, उचलाल तसे खाली लाकडी ठोकळे सारत जा. एकाने तेवढ्यात 108 ला फोन करावा. किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना सांगा. फार वेळ दबलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडं आणि हृदयाला त्रास देतात. हाड मोडलेलं नसलं, तरी काही तासांनी पाय टणक सुजला, मुंग्या आल्या, ठणका वाढतच गेला तर रात्रीच दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

६. नोंद त्याच दिवशी. अपघात रजिस्टरमध्ये लिहून घ्या, पानाचा फोटो काढा, साक्षीदारांची नावं ठेवा. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा असेल तर कामावरच्या इजेमुळे घरी बसावं लागलेल्या दिवसांचा सरासरी वेतनाच्या 90 टक्के भत्ता मिळू शकतो. विमा नसेल तर मालकाकडे भरपाईचा दावा करता येतो, साधारणपणे दोन वर्षांच्या आत. ठेकेदाराकडून आलेल्या कामगारालाही मूळ मालकावर हा दावा लावता येतो.