दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं डेटाबेस इंजिन बदलताय? या चुका टाळा

डेटाबेस इंजिन म्हणजे पेशंटच्या सगळ्या नोंदी साठवणारा, सॉफ्टवेअरच्या मागे चालणारा प्रोग्राम. त्यातल्या मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीचा सपोर्ट डिसेंबर २०१८ मध्ये संपला, ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. तरी आतल्या खोलीत, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या सर्व्हरवर यातलं एखादं अजून निवांत चालू असतं. पेशंटची नोंद होते, बिल छापून येतं, मग हात कशाला लावायचा? एक दिवस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती 'आधी डेटाबेस अपग्रेड करा' म्हणून अडून बसते आणि मग घाईघाईत रात्री काम काढलं जातं.

इंजिन बसवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. जुनं इंजिन इतकी वर्षं सॉफ्टवेअरच्या, बॅकअपच्या आणि आपल्याही चुका पोटात घालत आलेलं असतं. नवं इंजिन तसं करत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या इंजिनांची घेतली आहेत, कारण ओपन डेंटल, ओपनईएमआर यांसारखी दवाखान्याची सॉफ्टवेअर त्यांच्यावरच चालतात.

'बॅकअप आहे ना' एवढ्यावर निघणं

जुन्या मायआयसॅम प्रकारातल्या टेबलांचं एक बरं होतं. इंजिनची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बंद करा, डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, झाला बॅकअप. प्रत्येक टेबलाच्या तीन फायली, तीन उचलल्या की टेबल आलं. या सवयीवर कित्येक दवाखान्यांच्या बॅकअप स्क्रिप्ट आजही चालतात, आणि त्या फक्त सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर उचलतात.

पण मायएसक्यूएल ५.५ पासून नव्या टेबलाचा मूळ प्रकार इनोडीबी झाला. सॉफ्टवेअरच्या मधल्या अपडेटनी जी टेबलं नव्याने तयार केली, ती प्रकार स्पष्ट सांगितला नसेल तर इनोडीबीत गेली. इनोडीबीचा काही भाग त्या फोल्डरच्या बाहेर, 'आयबीडेटा१' नावाच्या सामाईक फाइलमध्ये असतो. स्क्रिप्टला त्याचा पत्ताच नाही. असा बॅकअप रिस्टोअर केला की टेबलाचं नाव यादीत दिसतं आणि उघडायला गेलं की 'टेबल अस्तित्वात नाही', एरर ११४६. सर्व्हिस चालू असताना केलेली इनोडीबीची कॉपी तर अशीही भरवशाची नसते.

म्हणून अपग्रेडच्या आठवडाभर आधी दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर जुन्याच आवृत्तीचं इंजिन टाका, बॅकअप रिस्टोअर करा आणि सॉफ्टवेअर त्याला जोडून उघडा. रिस्टोअर करून पाहिला नाही त्याला मी बॅकअप म्हणत नाही. एक्स-रे आणि स्कॅन केलेले कागद बहुधा डेटाबेसबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तो फोल्डरही सोबत घ्या.

डंप, म्हणजे सगळा डेटा मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेणं, हा बॅकअपचा दुसरा प्रकार. तो काढताना आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'पेक्षा मोठे'च्या (>) चिन्हाने डंप फाइलमध्ये वळवला, तर ती फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षरपद्धतीत लिहिली जाते आणि नंतर लोड होत नाही. त्याऐवजी डंपच्याच 'रिझल्ट फाइल' पर्यायाने फाइलचं नाव द्या. दुसरं, स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) डंपमध्ये आपोआप येत नाहीत, ते मागून घ्यावे लागतात. सॉफ्टवेअर सुरू होतं, आणि महिनाअखेरचा रिपोर्ट काढताना 'प्रोसिजर सापडली नाही' येतं, ते यामुळेच. तिसरं म्हणजे काम चालू असतानाही डंप एकाच क्षणाचा ठेवणाऱ्या 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्यायाचा भरवसा फक्त इनोडीबीपुरता आहे. मायआयसॅम टेबलं असतील तर त्या वेळात कुणी एंट्री करायची नाही, बस.

मधल्या पायऱ्या गाळणं

मायएसक्यूएल ५.५ च्या डेटा फोल्डरवर थेट ८.० बसवता येत नाही. ८.० ला खाली ५.७ च लागतं, म्हणजे ५.६, ५.७, ८.० अशी पायरीपायरीने चढण. नाहीतर सरळ डंप काढून नव्या, रिकाम्या इंजिनमध्ये भरा. लहान दवाखान्याच्या डेटाला मला हाच रस्ता बरा वाटतो. वेळ थोडा जास्त जातो, पण जुना फोल्डर अनाघ्रात राहतो. भरताना फक्त सॉफ्टवेअरचा डेटाबेस भरा. सगळ्या डेटाबेसांचा एकत्र डंप नव्यात ओतला की युजर आणि परवानग्यांची जुनी सिस्टम टेबलंही त्यावर जाऊन बसतात, आणि मग नवं इंजिन स्वतःच्याच घरात अडखळतं.

मारियाडीबी आणि मायएसक्यूएल 'एकच आहेत' हेही ऐकू येतं. मारियाडीबी २००९ मध्ये मायएसक्यूएलमधूनच फुटली आणि ५.५ पर्यंत दोघी बऱ्याच जुळत्या होत्या. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या. मायएसक्यूएल ८.० चा डेटा फोल्डर मारियाडीबीला उघडत नाही. यातली कोणती आणि कितवी आवृत्ती घ्यायची हे इंटरनेटवर ठरवू नका. सॉफ्टवेअर कंपनीने ज्या आवृत्तीवर तपासलंय तीच घ्या, तिच्यापेक्षा नवी मिळत असली तरी.

मराठी नावांची खिचडी

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे झालेलं नुकसान दोन-दोन महिने कळत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम 'लॅटिन१', म्हणजे रोमन अक्षरांपुरत्या प्रकारचा असे आणि त्यात देवनागरी नावाचे यूटीएफ-८ (सगळ्या लिपी लिहिण्याची पद्धत) मधले बाइट तसेच ढकललेले असत. वाचतानाही तेच चुकीचं गृहीत धरलं जायचं, त्यामुळे एक चूक दुसरीला खाऊन टाकायची आणि पडद्यावर नाव बरोबर दिसायचं. इंजिनला मात्र ती कधीच मराठी अक्षरं वाटली नाहीत. नव्या इंजिनमध्ये सगळं 'यूटीएफ८-एमबी४' धरून चाललं की ते प्रामाणिकपणे त्या बाइटांचं पुन्हा भाषांतर करतं, आणि पेशंटच्या नावाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं नि चलनाची चिन्हं येतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. 'राम' नावाचा कुणी पेशंट शोधा आणि इंजिनला त्या नावाची अक्षरसंख्या आणि बाइटसंख्या विचारा. र, काना, म अशी ३ अक्षरं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ९ बाइट. उत्तर ३ आणि ९ आलं तर डेटा निरोगी. ९ आणि ९ आलं तर लॅटिन१ मध्ये कोंबलेला आहे. अक्षरं ९ आणि बाइट त्याहून जास्त आले तर दुहेरी भाषांतर आधीच होऊन गेलंय.

मधला, ९ आणि ९ चा प्रकार असेल तर कॉलम आधी नुसत्या बाइटांचा, म्हणजे बायनरी प्रकारचा करायचा आणि मग यूटीएफ८-एमबी४ चा. थेट लॅटिन१ वरून नेलं तर इंजिन भाषांतर करणारच. आणि हे आधी कॉपीवर करून बघा. काही नावं एका सॉफ्टवेअरमधून, काही दुसऱ्यातून आलेली असतील, तर एकाच कॉलममध्ये दोन्ही प्रकार सापडतात. तिथे हाताने निवडण्यावाचून गत्यंतर नाही.

मायएसक्यूएलचं साधं 'यूटीएफ८' म्हणजे तीन बाइटांचं. मराठी त्यात मावतं, इमोजी मावत नाही. पेशंटच्या मेसेजमधला हसरा चेहरा नोंदीत चिकटवला की एरर का येतो, त्याचं उत्तर हे.

एरर येतो म्हणून कडक शिस्त बंद करणं

मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न बसणारा डेटा नाकारायची कडक शिस्त, मूळ सेटिंगमध्येच चालू असतो, मारियाडीबीत १०.२.४ पासून. त्याआधी काय चालायचं बघा. ॲलर्जीची नोंद ५० अक्षरांच्या कॉलममध्ये ८० अक्षरांची लिहिली, तर इंजिन शेवटची ३० कापायचं, एक वॉर्निंग टाकायचं आणि 'सेव्ह झालं' म्हणायचं. ती वॉर्निंग सॉफ्टवेअर दाखवत नसे. कापलेल्या ३० अक्षरांत औषधाचं नाव होतं की नाही, कुणाला माहीत?

आता तिथे 'डेटा कॉलमपेक्षा लांब' असा एरर येतो आणि रिसेप्शनवरून फोन येतो. सहज मिळणारा सल्ला असतो, मोड बंद कर. कंपनीने लेखी सांगितलं असेल तर तसं करा, काही सॉफ्टवेअरना ते लागतंच. नाहीतर तो एरर सॉफ्टवेअरवाल्याकडे पाठवा. तो इतकी वर्षं यायला हवा होता.

शून्य तारखांचं दुखणं याच घरातलं. जन्मतारीख माहीत नाही म्हणून जुन्या सॉफ्टवेअरने सगळी शून्यं भरलेली असतात. वाचताना काही होत नाही. पण पुढच्या अपडेटमध्ये त्या टेबलात नवा कॉलम घालताना सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या गेल्या की इंजिन त्या तारखेवर अडतं आणि अपडेट अर्ध्यात लटकतं. शून्य तारखा किती ओळींत आहेत ते आधी मोजा. किती ते कळलं की निम्मी भीती जाते.

मायएसक्यूएल ८.० मध्ये आणखी एक छोटी गंमत आहे. पूर्वी 'ग्रुप बाय' (नोंदींचे गट पाडणं) केलं की निकाल आपोआप क्रमाने लागायचा, आता लागत नाही. अपॉइंटमेंटची यादी उलटसुलट दिसली तर डेटा बिघडलेला नाही, सॉफ्टवेअरने इंजिनला विचारलेल्या प्रश्नातच क्रम मागितलेला नाही.

जुनी सर्व्हिस नुसती थांबवणं

ही माझी स्वतःची चूक. एका दवाखान्यात शनिवारी रात्री नवं इंजिन बसवलं, जुन्याची सर्व्हिस थांबवली, नव्याला तोच ३३०६ पोर्ट (सॉफ्टवेअर ज्या क्रमांकावर इंजिनला गाठतं तो) दिला. सोमवार-मंगळवार सुरळीत गेले. मंगळवारी रात्री विंडोज अपडेट होऊन सर्व्हर रीस्टार्ट झाला. जुनी सर्व्हिस मी थांबवली होती, पण तिचा प्रकार 'ऑटोमॅटिक' तसाच होता. ती आधी उठली, तिने पोर्ट धरला, नवीला जागा उरली नाही. बुधवारी सकाळी सगळं काम शनिवारच्या डेटावर सुरू झालं. सॉफ्टवेअर उघडत होतं, नवे पेशंट नोंदवले जात होते. सोमवारी येऊन गेलेला पेशंट दुपारी परत आला आणि त्याची नोंदच सापडेना, तेव्हा फोन आला.

नोंदी गायब होणं हा त्यातला सोपा भाग. जे क्रमांक सोमवारी नव्या पेशंटना दिले गेले होते, तेच बुधवारी सकाळी वेगळ्या माणसांना मिळाले होते. लॅबचे रिपोर्ट क्रमांकावर जोडले जातात. कुठला रिपोर्ट कुणाचा, हे आम्ही कागदाच्या रजिस्टरवरून रात्री एकपर्यंत लावत बसलो.

जुनी सर्व्हिस 'डिसेबल्ड' करा. जुन्या डेटा फोल्डरचं नाव बदला, म्हणजे ती उठली तरी तिला काही सापडणार नाही. आणि अपग्रेडनंतर सर्व्हरवरून नाही, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून इंजिनला त्याची आवृत्ती विचारा. सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून पुन्हा विचारा.

जुनी सेटिंग फाइल जशीच्या तशी

मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅश (आधीच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवणारी सोय) काढून टाकलेला आहे. जुन्या फाइलमधली त्याची एक ओळ राहिली तरी सर्व्हिस सुरूच होत नाही. विंडोज फक्त 'एरर १०६७' म्हणतं, त्यातून काही कळत नाही. खरं कारण डेटा फोल्डरमधल्या एरर लॉगमध्ये, शेवटच्या काही ओळींत, बहुतेक वेळा स्वच्छ लिहिलेलं असतं. उलट टोकाला जाऊन कोरी फाइल ठेवली तर इनोडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) १२८ एमबीवर राहतो आणि 'नवं इंजिन जुन्यापेक्षा मंद आहे' अशी तक्रार येते. सर्व्हरच्या मेमरीप्रमाणे तो वाढवा. अँटिव्हायरसला डेटा फोल्डर वगळायला सांगा.

बाकीचे पाहुणे विसरणं

डेटाबेसला फक्त मुख्य सॉफ्टवेअर जोडलेलं असतं हा गैरसमज. लॅबच्या मशीनचा दुवा, एक्स-रेचा प्रोग्राम, मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, हिशेबनीसाची ओडीबीसीवरची (डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यावरची) एक्सेल शीट, सगळे आपापल्या दाराने येतात. ८.० मध्ये पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली, आणि जुने कनेक्टर (प्रोग्रामला इंजिनशी जोडणारे भाग) तिथे दारातूनच परत जातात. ८.० मध्ये त्या युजरपुरती जुनी पद्धत लावून वेळ मारून नेता येते. ८.४ मध्ये ती मुळात बंद असते आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे, म्हणून कनेक्टर बदलणं हाच खरा उपाय. अपग्रेडच्या आधीच्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा चालू कनेक्शनची यादी काढून युजर आणि कॉम्प्युटरचं नाव लिहून ठेवा. एखादं अनोळखी नाव निघतंच.

परतीची वेळ न ठरवणं

८.० वर गेलेला डेटा फोल्डर ५.७ वर उतरवता येत नाही. परत फिरायचं म्हणजे जुना बॅकअप आणि मधल्या नोंदींवर पाणी. म्हणून पहिला पेशंट येण्याआधीची एक वेळ ठरवा. त्या वेळेपर्यंत सगळ्यात जुना पेशंट उघडला, सगळ्यात लांब नोंद शेवटपर्यंत दिसली, एक एक्स-रे उघडला, एक बिल छापलं, एक खोटी अपॉइंटमेंट टाकून पुसली, असं झालं तर पुढे. नाहीतर तेव्हाच मागे, 'अजून अर्धा तास बघू' नाही.

आणि त्या रात्रीचा बॅकअप स्वतः बघा. शेड्युल केलेल्या स्क्रिप्टमध्ये जुन्या इंजिनच्या फोल्डरचा पत्ता असतो. तो प्रोग्राम सापडला नाही की काही स्क्रिप्ट शून्य बाइटची फाइल बनवतात, तिला नेहमीसारखं तारखेचं नाव देतात आणि सर्वांत जुनी चांगली फाइल जागा करण्यासाठी पुसून टाकतात. सात दिवसांच्या फायली ठेवणाऱ्या स्क्रिप्टला सगळे चांगले बॅकअप संपवायला बरोबर सात रात्री लागतात.