युरोपच्या सहलीचा खर्च मांडताना या चुका टाळा

युरोपला जायचे ठरले की घरात सर्वांत आधी विमानाचे तिकीट पाहिले जाते, आणि तो आकडा एकदा कळला की हॉटेल, व्हिसा, रेल्वे, जेवणखाण या साऱ्यांना ‘वरखर्च’ मानून त्यांच्यासाठी एक ढोबळ रक्कम धरली जाते. अंदाज चुकण्याची सुरुवात इथेच होते. अंदाज चुकला की बचतही चुकीच्या जागी होऊ लागते. मोठे निर्णय होऊन गेलेले असतात, पैसे भरून झालेले असतात, आणि मग प्रत्यक्ष सहलीत मुलांच्या आइस्क्रीमवर, बोटीच्या फेरीवर, एखाद्या संग्रहालयाच्या तिकिटावर कात्री चालवली जाते. मोठी बचत तिकीट काढण्याआधीच्या दिवसांत, कागद-पेन घेऊन बसल्यावरच होते, असे माझे ठाम मत आहे.

पुण्यातले एक चौकोनी कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. आई-वडील, १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असे चौघे मे महिन्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंड मिळून दहा रात्रींच्या सहलीला निघाले आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरोचा दर १०० रुपये धरू.

माणशी खर्च काढून त्याला चाराने गुणणे

ही चूक सर्रास होते, कारण जाहिरातींत दर माणशी दिलेले असतात. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी मुलांच्या वयाची मर्यादा निराळी असते. विमानात १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण भाडे पडते. फ्रान्स, स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि ६ वर्षे पूर्ण, पण १२ पूर्ण न झालेल्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे. त्याहून लहान मुलांना ते माफ आहे. आपल्या कुटुंबात तिघांचे ९० आणि धाकट्याचे ४५ असे ३१५ युरो, म्हणजे सुमारे ३१,५०० रुपये होतात, आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे द्यावे लागते. उलट स्वित्झर्लंडमध्ये आई किंवा वडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा पास) असेल तर १६ वर्षांखालची मुले मोफत मिळणाऱ्या स्विस फॅमिली कार्डावर त्यांच्यासोबत विनाशुल्क प्रवास करतात, आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १८ वर्षांखालच्या मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. थोडक्यात, आपली १३ वर्षांची मुलगी विमानात आणि व्हिसासाठी प्रौढ, तर स्विस रेल्वेत आणि लूव्रमध्ये लहान ठरते. मुलांच्या जन्मतारखा समोर ठेवूनच प्रत्येक ओळ लिहावी. मोठ्या मुलाला १२ पूर्ण व्हायला काही महिनेच उरले असतील तर सहलीची तारीख अलीकडे घेण्याचा विचारही करावा, मात्र परतीच्या उड्डाणाच्या दिवशीचे वय काय असेल ते विमान कंपनीला आधी विचारून घ्यावे.

खोलीचा हिशेब याहून अधिक फसवतो. हॉटेल शोधताना ‘दोन व्यक्ती’ असा शोध घेतला जातो आणि मिळालेला दर चौघांसाठी धरला जातो. पॅरिसच्या साध्या हॉटेलांतल्या खोल्या लहान असतात आणि दोघांच्या खोलीत चौघांना राहू देत नाहीत. दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर दहा रात्रींचा मुक्कामखर्च दुप्पट होतो, आणि एवढा मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही बचतीने भरून निघत नाही. म्हणून पहिल्याच शोधात दोन प्रौढ, दोन मुले आणि त्यांची खरी वये टाकावीत. चौघांची खोली किंवा स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट शहराच्या मध्यापासून थोडे दूर मिळाले तरी चालेल, पण मेट्रोचे स्थानक पायी गाठता यायला हवे. अनेक शहरांत दर रात्रीचा पर्यटन कर खोलीच्या दाखवलेल्या किमतीत धरलेला नसतो आणि हॉटेलात पोहोचल्यावर भरावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर खोलीभाड्याच्या साडेबारा टक्के आहे. सहलीत ते शहर असेल तर ही रक्कम किरकोळ राहत नाही.

‘इतके लांब जातोच आहोत तर लंडनही करू’

भावना समजण्यासारखी आहे, पण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही आणि त्याचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले आणि त्यात मुलांना सवलत नाही. त्या दराने चौघांचे ५०८ पौंड म्हणजे पौंडाचा दर ११५ रुपये धरला तरी ५८,००० रुपयांच्या पुढे जातात, आणि यात रेल्वे किंवा विमान, लंडनचे महागडे हॉटेल आणि वाया गेलेला प्रवासाचा दिवस अजून धरलेलाच नाही. शिवाय पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा शेंगेन देशात यायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. एकाच प्रवेशाचा मिळाला तर परतीचा मार्ग बंद होतो.

हाच विचार शहरांच्या संख्येलाही लागू पडतो. दहा रात्रींत पाच शहरे केली की प्रत्येक बदलाला तिकीट, टॅक्सी आणि अर्धा दिवस खर्ची पडतो. दोन किंवा तीन मुक्काम पुरेसे आहेत. पॅरिसला उतरून झुरिकहून परत येण्याचे तिकीट एकाच आरक्षणात काढले तर पॅरिसला परत यावे लागत नाही. पॅरिस ते झुरिक थेट वेगवान रेल्वे सुमारे चार तासांत पोहोचवते आणि तिचे तिकीट जितके आधी घ्यावे तितके सहसा स्वस्त मिळते.

व्हिसा हातात येण्याआधी परतावा न मिळणारी आरक्षणे करणे

स्वस्त दिसणाऱ्या हॉटेलच्या दराखाली ‘रद्द केल्यास परतावा नाही’ अशी ओळ असते. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा मिळाला तर ती बचत पूर्ण बुडते, आणि व्हिसाचे शुल्कही परत मिळत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जाणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी, कारण पुढे वेळा मिळत नाहीत. तोवर हॉटेल मोफत रद्द करता येईल असेच ठेवावे आणि व्हिसा आल्यावर कमी दराचा पर्याय पुन्हा तपासावा. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे रात्रींची वाटणी आधी पक्की हवी.

टूर कंपनीच्या जाहिरातीतला आकडा अंतिम मानणे

काही कंपन्यांच्या दरपत्रकात किंमत ‘इतके रुपये अधिक इतके युरो’ अशी दोन तुकड्यांत असते, आणि घाईत पहिलाच आकडा वाचला जातो. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. व्हिसा, विमा, टिप, दुपारची जेवणे आणि ‘ऐच्छिक’ स्थळे दरात आहेत की नाहीत हे लेखी विचारून घेतल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

याशिवाय टीसीएस, म्हणजे कंपनीने पैसे घेतानाच तुमच्याकडून वसूल करून सरकारकडे भरायचा कर, असतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के असा त्याचा दर होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. पैसे भरताना त्या तारखेला लागू असलेला दर विचारावा. हा खर्च नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, वार्षिक विवरणात दिसतो आणि प्राप्तिकरातून वजा होतो किंवा परत मिळतो. तरीही पैसे भरण्याच्या दिवशी तेवढी रोख लागतेच, म्हणून त्याची वेगळी ओळ हवी. ज्याला कर भरावा लागतो अशा व्यक्तीच्या नावाने पैसे भरले तर वजावट सोपी होते. केवळ विमानाचे तिकीट किंवा केवळ हॉटेल स्वतंत्रपणे घेतले तर ते पॅकेज ठरत नाही.

चलनाकडे दुर्लक्ष करणे

२०२५ च्या सुरुवातीला ९० रुपयांच्या आसपास असलेला युरो त्याच वर्षाच्या उत्तरार्धात १०० च्या पलीकडे गेला. ४,००० युरो लागणार असतील तर एवढ्या एका बदलाने खर्च ४०,००० रुपयांनी वाढतो. अंदाजपत्रकात आजच्या दरापेक्षा पाच टक्के अधिक दर धरावा आणि लागणारे चलन दोन-तीन हप्त्यांत घ्यावे.

कार्डाचा खर्च दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परकी चलनातल्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लागते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी चलन आधीच भरून न्यायचे कार्ड, घेणाऱ्यांची चूक वेगळी असते. ते कार्डावर फक्त युरो भरतात आणि स्वित्झर्लंडमध्ये, जिथे चलन फ्रँक आहे, तेच कार्ड वापरतात. तेव्हा दुहेरी रूपांतराचे शुल्क कापले जाते. फ्रँक वेगळे भरून न्यावेत. दुकानातले किंवा एटीएमचे यंत्र ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडावे; रुपये निवडले की यंत्रामागची कंपनी स्वतःचा दर लावते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो.

पास घेतला म्हणजे सर्व काही त्यात आले असे समजणे

स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, बस, तलावांवरच्या बोटी आणि पाचशेहून अधिक संग्रहालये येतात, रिगी पर्वताची रेल्वेही येते. पण बहुतेकांना जिथे जायचे असते त्या ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखला पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढे फक्त २५ टक्के सवलत मिळते; टिटलिस शिखराला निम्मे भाडे पडते. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखचे उन्हाळ्यातले ये-जा भाडे माणशी २०० फ्रँकच्या वर जाते, म्हणून ही ओळ स्वतंत्र लिहावी. ज्यांना एकाच गावी राहून दोन-तीन मोठी शिखरेच पाहायची आहेत, त्यांना निम्म्या भाड्यात प्रवास देणारे, महिनाभर चालणारे हाफ फेअर कार्ड पासपेक्षा स्वस्त पडू शकते. दोन्ही पर्यायांची बेरीज ठरवलेल्या फेऱ्या घेऊनच करावी. एक शिखर मनापासून पाहावे आणि दुसऱ्याचे पैसे वाचवावेत, असे मी सुचवेन. बर्फ दोन्हीकडे तोच असतो.

युरेल या अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या रेल्वे-पासच्या धारकांनी लक्षात ठेवावे की फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आसनाच्या आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

जुन्या प्रवासवर्णनांतल्या किमतीही उतरवून घेऊ नयेत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांसाठी लूव्रचे तिकीट जानेवारी २०२६ मध्ये २२ वरून ३२ युरो झाले. किंमत नेहमी त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी आणि शेजारी पाहिल्याची तारीख लिहावी.

स्वस्त विमानाचे फक्त भाडे पाहणे

युरोपांतर्गत स्वल्पदर विमानांच्या भाड्यात सहसा एका लहान पिशवीपलीकडचे सामान धरलेले नसते. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. चौघांच्या बॅगा आणि बसचे भाडे मिळवले की रेल्वे अनेकदा बरोबरीला येते, आणि ती शहराच्या मध्यभागी उतरवते.

जेवण, हंगाम आणि विमा

जेवणाचा अंदाज ‘रोज इतके’ असा न धरता नाश्ता, दुपार आणि रात्र असा तोडून धरावा. स्वयंपाकघर असलेली खोली, स्वित्झर्लंडमध्ये कोओप किंवा मिग्रोस या सुपरमार्केटमधून आणलेले ब्रेड, फळे, दही आणि दिवसातून एकदा बाहेरचे जेवण, एवढ्याने खर्च आटोक्यात राहतो. स्विस गावांतल्या कारंज्यांचे पाणी, ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर, निर्धास्त प्यावे. फ्रान्समध्ये जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर ती विनामूल्य मिळते. घरून मेतकूट, भाजणी, चिवडा जरूर न्यावा, मात्र युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तुपाची बरणी घरीच ठेवावी.

मेऐवजी दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास भाडी सहसा उतरतात. पण नोव्हेंबरात काही स्विस पर्वतांच्या केबलगाड्या वार्षिक देखभालीसाठी बंद असतात. बंदच्या तारखा न पाहता केलेली ही बचत सहलीचा हेतूच घालवते.

विम्यावर काटकसर करू नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागतेच. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या आधीपासूनच्या आजारांना ते लागू आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

परताव्यांचा हिशेब चुकवणे

खरेदीवरचा व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, परत मिळेल असे धरून काही जण खर्च वाढवतात. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी तर हा पैसा हिशेबात धरूच नये, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाबाहेर असल्याने सीमाशुल्काची नोंद संघाची हद्द सोडतानाच करावी लागते आणि रेल्वेच्या प्रवासात ते सहज जमत नाही. परतल्यावर फॉरेक्स कार्डावर उरलेली रक्कमही तशीच पडू देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार न वापरलेले परकी चलन १८० दिवसांत परत करायचे असते आणि २,००० डॉलरपर्यंतच स्वतःकडे ठेवता येते. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना वजा करून घ्यावा. नोकरदारांना ऑक्टोबर २०२४ पासून तो आपल्या कार्यालयाला कळवून पगारातल्या करकपातीतही धरता येतो.